एकाच डोळ्यातली मिरची

माझा उजवा डोळा रडायचा आणि डावा नुसता बघत बसायचा. चार-पाच वर्षं हे चाललं होतं आणि घरात कुणालाही त्याचं नवल वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही. आमचं घरच मिरचीचं. मंगळवार पेठेत आमचं कांडप यंत्र होतं. खाली यंत्र आणि वर आमचा संसार. उन्हाळा लागला की पेठेतल्या बायका भाजलेल्या मिरच्या, खोबरं, धणे, तीळ, कांदा-लसूण असलं सगळं डब्यांतून घेऊन यायच्या आणि वर्षाची चटणी कुटून न्यायच्या. लोखंडी मुसळं धाडधाड आपटायची आणि लाल धूळ जिन्यावरनं वर येऊन उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचायची. अशा घरात सुनेच्या डोळ्याला पाणी आलं तर विचारणार कोण?

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. लग्न होऊन मी गगनबावड्याकडनं इथं आले तेव्हा पहिले दोन-तीन महिने शिंकण्यात गेले. मग सवय झाली. मिरचीची सवय होते, हे मी अनुभवानं सांगते. पण एका उन्हाळ्यात उजव्या डोळ्याच्या मागं जे सुरू झालं, त्याची सवय काही झाली नाही.

कसं दुखायचं ते सांगते, कारण हे सांगतानाच माझी पंचाईत व्हायची. डोळ्याच्या खोबणीतनं कानशिलापर्यंत कुणीतरी तापलेली सळई घालून फिरवतंय, असं. आधी सूचना नाही, काही नाही. मान वळवली तरी यायचं, नुसतं बसले असताना पण यायचं. डोळा लालभडक व्हायचा, पापणी सुजून खाली उतरायची, उजवीच नाकपुडी गळायची, कपाळाच्या उजव्या अर्ध्यावर घाम फुटायचा. एक डबा कुटून होईस्तोवर हे चालायचं आणि मग एकदम बंद. जणू काही झालंच नव्हतं. घटकाभरानं पुन्हा. दिवसातनं किती वेळा हे मोजायचं मी सोडून दिलं होतं.

बंद झाल्यावर मी धडधाकट असायचे, तिथंच माझा घात झाला. मघाशी भिंतीला डोकं टेकून कण्हणारी बाई आता डबे भरताना हसतेय म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं? सासूबाईंनी जे समजायचं ते समजून घेतलं. त्यांना आम्ही आत्ती म्हणायचो. सासरे गेल्यावर हे यंत्र आत्तीनं एकटीनं चालवलेलं, दोन पोरं त्याच्यावर वाढवलेली. आत्तीच्या डोळ्यात मूठभर चटणी टाकली असती तरी पापणी हलली नसती.

"तुला मिरची सोसत न्हाय," आत्ती म्हणायची. "नाजूक हायस."

आमच्या पेठेत नाजूक ही शिवी आहे. माझं तोंडही काही कमी तिखट नव्हतं. मी म्हणायचे, "नाजूक असते तर तुमच्या घरात टिकले असते काय आत्ती?" त्यावर ती हसायची, पण मत बदलायची नाही.

उपाय काय कमी झाले? डोळ्याच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं, मिरचीपासनं लांब राहा. मासोळीला सांगावं पाण्यापासनं लांब राहा, तसं ते. कुणी म्हणालं अर्धशिशी आहे, सूर्य उगवायच्या आत दुधातली जिलेबी खा. महिनाभर खाल्ली. वजन तेवढं वाढलं. डोकं दुखायचं थांबवणाऱ्या, जाहिरातीत येतात त्या सगळ्या गोळ्या घेऊन झाल्या. गोळी पोटात उतरेपर्यंत कळ निघून गेलेली असायची आणि पुढची कळ गोळीला विचारायची नाही. मग दाताच्या डॉक्टरांनी उजवीकडची वरची दाढ काढली. चांगली, पांढरीशुभ्र दाढ होती ती. अजून तिची जागा जिभेला लागते.

दृष्टीची तर कथाच सांगण्यासारखी आहे. दृष्ट काढून मिरच्या-मीठ चुलीत टाकायचं; मिरचीचा ठसका उठला तर दृष्ट नव्हती आणि नाही उठला तर कडक दृष्ट होती, अशी आपली रीत. आता आमच्या घरात मिरचीचा ठसका कुणाला लागणार? आत्तीनं मिरच्या टाकल्या, सगळे भोवती उभे राहिले, धूर वर गेला आणि एक माणूस खोकला नाही. आत्तीचा चेहरा उतरला. "लई कडक हाय," ती म्हणाली. दर अमावास्येला हे व्हायचं आणि दर वेळी मला कडक दृष्ट लागलेली निघायची. मला त्या दुखण्यातही हसू यायचं.

माहेरी गेले तर वेगळाच प्रकार. गगनबावड्याला पाऊस म्हणजे घरात धुकं शिरतं. तिथं सगळ्यांचीच नाकं गळत असतात. आईनं माझं नाक बघितलं, डोळा बघितला आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला बसली. "सर्दी साठलीया डोक्यात," म्हणाली. म्हणजे सासरी मिरची आणि माहेरी सर्दी. दुखणं तेच, घर बदललं की नाव बदलायचं. परत आल्यावर मी आत्तीला म्हटलं, "तिथं मिरची नव्हती, तरी आलंच की." आत्ती म्हणाली, "अंगात मुरल्याली मिरची चार दिसांत निघती व्हय?"

एकदा उन्हाळ्यात, ऐन गर्दीत, कळ आली आणि मी यंत्राला धरून उभी राहिले. मुसळं वर जात होती, खाली येत होती. त्यांच्याकडं बघता बघता माझ्या मनात जे आलं ते इथं लिहीत नाही, पण आलं. कळ गेल्यावर मी स्वतःलाच घाबरले. हे असंच चालू राहिलं तर एक दिवस मी राहणार नाही, हे मला त्या दिवशी कळून चुकलं. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, मिरची म्हणाले असते.

दुसरी दाढ काढायला गेले तेव्हा मात्र दाताच्या डॉक्टरांनी पक्कड खाली ठेवली. म्हणाले, "ताई, या दाढेत काही नाही. पहिलीतही बहुतेक नव्हतं. तुम्ही मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा." मेंदू म्हटल्यावर आमच्या मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, तोंडचं पाणी पळालं. आत्ती म्हणाली, "डोकं फिरलंय काय तिचं, मेंदूचा डॉक्टर बघायला?" पण मी गेले. मालकांना यंत्र सोडून येता येईना, मी एकटी गेले.

हे डॉक्टर राजारामपुरीत एका माडीवर बसायचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, बाहेर बसून राहा. दुखायला लागलं की सरळ आत या. आत पेशंट असला तरी दार उघडा." मला हे ऐकूनच कसंतरी झालं. आजवर सगळे सांगायचे, दुखायचं थांबलं की या. दुखताना या म्हणणारा हा पहिला माणूस.

फार वेळ बसावं लागलं नाही. मी दार ढकललं तेव्हा मला नीट उभंही राहता येत नव्हतं. डॉक्टरांनी आतल्या माणसाला थांबवलं, बॅटरी घेऊन माझ्या दोन्ही डोळ्यांत बघितलं, उतरलेली पापणी बोटानं उचलली, दोन्ही नाकपुड्या बघितल्या. कळ ओसरल्यावर विचारलं, "तुमच्या घरी काम काय असतं?"

"मिरची कुटतो," मी म्हटलं. "ती जाते डोळ्यात."

"एकाच डोळ्यात जाते?"

पाच वर्षं. डोळ्याचे डॉक्टर, दाताचे डॉक्टर, आई, आत्ती, मालक, रांगेतल्या शंभर बायका आणि मी स्वतः, जिचा तो डोळा होता. एकालाही हे सुचलं नव्हतं. धूळ उडाली तर दोन्ही डोळ्यांत जाईल, दोन्ही नाकपुड्या गळतील, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं.

मग त्यांनी डोक्याचा फोटो काढायला लावला, आत गाठ-बिठ नाही याची खात्री केली आणि समजावून सांगितलं. अर्धशिशी ही नव्हे; ती दिवस-दिवस धरून बसते, उलट्या होतात, माणूस अंधारात पडून राहतं. दुसरं एक दुखणं असतं, तेही असंच एका डोळ्यामागं, पण ते बहुतेक पुरुषांना होतं आणि आलं की चांगलं तासभर ठाण मांडतं. "तुमचं तिसरंच आहे. थोडा वेळ, पण सारखं सारखं, कायम एकाच बाजूला, आणि त्याच बाजूचा डोळा आणि नाक वाहतं. फार थोड्या लोकांना होतं." पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया असं त्याचं नाव. मी ते घरी येईपर्यंत घोकत आले, नाहीतर कुणाला काय सांगणार?

"याला बाकीच्या गोळ्या हात लावत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "एकच लागू पडते. ती लागू पडली तर हाच आजार. नाही पडली तर माझं चुकलं असं समजून परत या."

इंडोमेथॅसिन. गोळी म्हणजे खरं तर कॅप्सूल होती. औषधाच्या दुकानदारानं चिठ्ठी बघून विचारलं, "वैनी, गुडघं दुखत्यात काय? सांध्याची हाय ही." मी तिथंच खचले. डोक्यासाठी एवढी राजारामपुरी गाठली आणि गुडघ्याची गोळी घेऊन आले. पण डॉक्टरांनी एक गोष्ट तीनतीनदा बजावली होती आणि ती मी मालकांना येऊन सांगितली: रिकाम्या पोटी घ्यायची नाही. पोटभर जेवायचं, मग गोळी. पोट सांभाळायला दुसरी एक गोळी दिलेली, ती सकाळी. आणि हा आजार बरा होत नाही, आवरता येतो. गोळी सोडली की दुखणं दारात उभं.

पहिल्या दिवशी फरक वाटला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी यंत्रापाशी उभी होते. एक डबा झाला, दुसरा झाला. मी आपली वाट बघतेय, आता येईल, मग येईल. कळ यायची वाट बघण्यात एवढी वर्षं गेली होती की ती आली नाही म्हटल्यावर मला भीतीच वाटली. आतलं काही मेलं-बिलं की काय? मी जिन्यात जाऊन बसले, मुद्दाम मान वळवून बघितली. इकडं वळवली, तिकडं वळवली. काही नाही. नुसतं डोकं, लोकांना असतं तसं. तिसरा दिवस गेला, चौथा गेला, आणि ती आलीच नाही.

मग मी रडले आणि डावा डोळाही रडला.

आनंद व्हायच्या आधी मला राग आला, हेही सांगते. एक दाढ, महिनाभर जिलेब्या, तो यंत्रापाशी मनात आलेला विचार, आणि उत्तर काय तर गुडघ्याची गोळी, गल्लीतल्या दुकानात मिळणारी. मी दोन दिवस सगळ्यांवर खेकसत होते. मालक म्हणाले, "दुखत हुतं तवा बरी हुतीस." मग मात्र मला हसू आलं.

आत्ती सगळं बघत होती. आठवड्यानं मला जवळ बसवून म्हणाली, "पावली बघ."

"कोण?"

"अंबाबाई. म्या बोल्लेती तिला. माझ्या सुनंला मिरची सोसू दे, ती नवरात्राचं नऊ दिस नुसत्या पाण्यावर काढंल."

मी म्हटलं, "आत्ती, नवस तुमचा आणि उपवास माझा?"

"मग दुखणं कुणाचं हुतं?"

बिनतोड होतं. मालकांकडं बघितलं तर ते म्हणाले, "बघूया." आमच्या मालकांचं निम्मं आयुष्य बघूयात गेलं.

नवरात्राला अजून अवकाश होता. मधे एकदा पाहुण्यांतल्या लग्नाच्या गडबडीत माझी गोळी दिवसभर घ्यायची राहिली आणि संध्याकाळी मांडवातच कळ आली. मी आत्तीला सांगितलं की ही गोळीचीच करामत आहे, गोळी चुकली की दुखतं. आत्ती शांतपणे म्हणाली, "आणि डॉक्टरला गोळी सुचवली कुणी?" मनात खोलवर मलाही वाटतच होतं, की खरंच, सुचवली कुणी? माणसांपुढं मी तिखट, पण देवीपुढं कोण तिखट असतं? एवढ्या वर्षांनी मिळालेलं सुख आपल्या हट्टापायी जायला नको, असं वाटून मी घट बसले त्या दिवशी हो म्हटलं.

गोळी सोडायची नाही, सोडली की कळ. खायचं नाही, खाल्लं की नवस मोडला. मी आत्तीला दोन-चारदा म्हटलं, "गोळी जेवणावर घ्यायची हाय." आत्ती म्हणाली, "सांजेला कपभर दूध घे देवीचं. दूध म्हंजे अन्नच की." तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी आजही सांगते. तिनं स्वतः असे किती उपवास केले होते. ती मला पायात चप्पलसुद्धा घालू देत नव्हती आणि स्वतःही घालत नव्हती. आम्ही दोघी अनवाणी देवळात जायचो आणि वाटेत ती माझा हात धरायची.

तिसऱ्या दिवशी पोटात आग पडायला लागली. उपवासाचं पित्त म्हटलं. पंचमीला शौचाला डांबरासारखं काळं झालं. ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगायची ती गोष्ट आहे काय, असं तेव्हा वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि उलटी झाली. चहाचा चोथा असतो तशी काळी-तपकिरी. घट बसल्यापासनं माझ्या पोटात चहाचा घोट नव्हता. मी त्या उलटीकडं बघितलं, मालकांनी बघितलं, आणि त्या दिवशी मालक बघूया म्हणाले नाहीत. त्यांनी भरलेलं यंत्र अर्ध्यात बंद केलं. एवढ्या वर्षांत चालू कांडण मधेच थांबलेलं मी तेव्हाच पाहिलं. एकदम केवढी शांतता झाली, तेवढंच मला आठवतं. पुढं रिक्षा.

दवाखान्यात नळी घालून बघितलं. पोटात जखम पडली होती आणि तिच्यातनं रक्त जात होतं. बाटल्या लावल्या, रक्त चढवलं, पोटासाठी इंजेक्शनं सुरू केली. माझे मेंदूचे डॉक्टर संध्याकाळी आले. त्यांना वाटलं, गोळीचा डोस जास्त झाला. मालकांनी खाली मान घालून उपवासाचं सांगितलं. डॉक्टर स्टुलावर बसले ते बसलेच.

"सहा दिवस? या गोळीवर?"

आत्ती खिडकीतनं बाहेर बघत होती.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "आता गोळी देता येणार नाही. दिली तर पोट जाईल." आणि माझ्याकडं बघितलं. नाही दिली तर काय होईल, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. जखम भरायला काही आठवडे लागणार होते. त्यानंतरही ही गोळी पुन्हा माझ्या पोटाला चालेल का, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. मी आडवी पडून छताकडं बघत होते आणि मला ती मुसळं दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळ आली. मालक घरी गेले होते. आत्ती उशाशी बसली होती. मी पलंगाची दांडी धरली, सळई फिरायला लागली, डोळा भरला, पापणी उतरली. आत्ती ताडकन उठली. मला वाटलं नर्सला बोलवायला गेली. पण ती स्वतःचा पदर हुंगत होती.

"माझ्या लुगड्यातनं मिरची आली," ती म्हणाली. "काल तसंच कांडपाच्या लुगड्यात आले मी."

ती बाहेर गेली. शेजारच्या पलंगावरच्या बाईनं नंतर सांगितलं, की आत्तीनं नळावर कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, केसांतनं पाणी फिरवलं आणि त्याच बाईच्या सुनेचं धुतलेलं पातळ मागून घेऊन नेसली. आत्तीनं जन्मात कुणाकडं चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं. ओल्या केसांनी, कुणाचं तरी अबोली पातळ नेसून ती परत आली आणि माझ्यापासनं हात-दोन हात लांब, भिंतीला टेकून उभी राहिली.

पांढऱ्या भिंती. फिनेलचा वास. कुठं लाल धुळीचा कण नाही. आणि पुन्हा कळ आली.

या वेळी आत्ती हलली नाही. ती बघत होती. माझा उजवा डोळा तिच्या डोळ्यांदेखत लाल होत गेला, पापणी उतरत गेली, एका नाकपुडीतनं धार लागली. डावा डोळा कोरडा होता आणि त्या डोळ्यानं मी तिला बघत होते. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मिरची कोळून प्यालेली बाई ती, माझ्या डोळ्याकडं बघून तिचा जबडा थरथरायला लागला.

"हितं तर मिरची न्हाय," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच.

कळ थांबल्यावर ती जवळ आली, पदरानं माझं नाक पुसलं. मी लहान असल्यासारखं. "हे आसं हुतं?" तिनं विचारलं. "हे तवापासनं आसंच हुतं?"

मी मान हलवली. दुपारपर्यंत आणखी दोन-तीनदा आली आणि प्रत्येक वेळी ती माझ्या तोंडाकडं बघत बसली, नजर वळवली नाही. एकदा मीच म्हटलं, "आत्ती, नका बघू." ती म्हणाली, "पाच वर्सं न्हाय बघिटलं. आता बघू दे."

अष्टमीला डॉक्टरांनी पातळ पेज द्यायला परवानगी दिली. मालकांनी घरनं डब्यातनं आणली. आत्तीनं वाटीत ओतली, फुंकर घातली आणि चमचा पुढं केला. मी तोंड फिरवलं. भूक मेलीच होती, पण तेवढ्यासाठी नव्हे. एवढं रक्त गेलं, एवढं सोसलं, आणि आता दोन दिवसांसाठी सगळं मातीत घालवायचं?

"नवमी झाल्याबिगर कसं खाऊ आत्ती? नवस हाय."

आत्तीनं चमचा खाली घेतला नाही. "म्या मागिटलं काय हुतं? सुनंला मिरची सोसू दे, आसं मागिटलं हुतं. मिरची तुला कवाच सोसली हुती. तुझ्या दुखण्याचं तर म्या देवीला सांगिटलंच न्हाय. मला ठावंच नव्हतं." तिनं चमचा माझ्या ओठाला लावला. "जे मागिटलंच न्हाय त्याची फेड कसली करतीस? खा. पाप लागलं तर मला लागू दे."

थोडी पेज माझ्या हनुवटीवर सांडली. मालक दाराकडं तोंड करून उभे राहिले होते. मी तोंड उघडलं.

पुढचे आठवडे वाईट गेले. डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या देऊन बघितल्या, त्यांनी कळा थोड्या विरळ झाल्या, थांबल्या नाहीत. घरी कळ आली की आत्ती यंत्र बंद करायला लावायची आणि रांगेतल्या बायकांना सांगायची, "जरा दम धरा, हिला दुखतंय." कुणी डोळ्यात मिरची गेली काय म्हणून विचारलं तर ती विचारणारीकडं अशी बघायची की ती बाई आपला डबा घट्ट धरून बसायची. दृष्ट काढायचं तिनं बंद केलं.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी थोड्या डोसानं गोळी पुन्हा सुरू केली, पोटाचं औषध तिच्याबरोबर कायमचं जोडून. पहिली कॅप्सूल मी हातात घेऊन बघत बसले. पोट काय म्हणेल? पोट काही म्हणालं नाही. तीन दिवसांत डोकं पुन्हा नुसतं डोकं झालं. आमच्या घरात तेव्हापासनं एक कायदा झाला, आणि तो आत्तीचा होता: आधी घास, मग गोळी. मी चार घास खाल्लेले तिला दिसल्याशिवाय कॅप्सूल तिच्या मुठीतनं सुटायची नाही. कधीकधी मी वैतागायचे. म्हणायचे, "आत्ती, मी काय कुक्कुलं बाळ हाय काय?" ती म्हणायची, "गिळ गप."

पुढच्या वर्षी घट बसले. आत्तीचा उपवास, मालकांचा उपवास, दिरांकडच्या सगळ्यांचा उपवास. दुपारी शेजारपाजारच्या बायका घट बघायला आल्या होत्या. आत्ती स्वयंपाकघरातनं ताट घेऊन आली. भाकरी, वांग्याचं कालवण, भात. घटाच्या समोरच, सगळ्यांदेखत, माझ्यापुढं ठेवलं आणि मूठ मिटून बाजूला बसली. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. शिवाजी पेठेतली तिची एक जुनी मैत्रीण होती, ती म्हणाली, "आगं बाई, घटाच्या दिवशी सून जेवती व्हय तुझी?"

आत्तीनं ताट माझ्याकडं आणखी जरा सरकवलं.

"जेवंल," ती म्हणाली. "तिचा डोळा म्या बघिटलाय."